घंटी, दिवा आणि डबल स्टँड

सायकल घेणार असल्याचं मी जेवताना जाहीर केलं आणि तिथेच चुकलो. आमच्या घरात जेवताना जाहीर केलेली गोष्ट मागे घेता येत नाही. साक्षीदार समोर बसलेले असतात, आणि तोंडात घास असल्यामुळे मधे न बोलता नीट ऐकतात.

त्याचं असं झालं. मुलीला परगावी नोकरी लागली होती. जायचा दिवस सोमवार ठरला होता आणि त्याआधी आठ रविवार हातात होते. दर रविवारी सकाळी ती सायकलवरून गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन येते. जायला एकवीस किलोमीटर, यायला तेवढेच. त्या दिवशी ताटावरून उठता उठता ती म्हणाली, “बाबा, मी जायच्या आधी एकदा तरी माझ्याबरोबर तळ्यावर चल ना.”

“एकदा कशाला?” मी म्हणालो. “मी सायकलच घेतो. चांगली रोड बाईक.”

बायकोने माझ्या पोटाकडे पाहिलं. मी पोट आत घेतलं.

“घे नंतर,” मुलगी म्हणाली. “या रविवारी कुणाची तरी साधी घेऊन ये. मी हळू चालवीन.”

“जे करायचं ते नीट करायचं,” मी म्हणालो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आहे, की ते हल्ली माझ्या परवानगीशिवायच बाहेर पडतं. मुलगी लाल पेन घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे बायको दुधाचा हिशोब लिहिते, तिथे तिने आठ रविवारांभोवती लाल गोल केले.

दुसऱ्या दिवशी पेपर टाकायला तात्या आले. तात्या आमच्याच ऑफिसातले निवृत्त शिपाई. आता आमच्या इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत पेपर टाकतात. त्यांची काळी सायकल रंगाच्या पलीकडे गेलेली आहे, पण घंटी अशी खणखणीत, की तिसऱ्या मजल्यावर आम्हाला पेपर येण्याआधी घंटी येते. बायकोने त्यांना बातमी दिली. ते म्हणाले, “नवी कशाला घेताय साहेब? रविवारी माझी न्या. साडेसहानंतर मोकळीच असते.”

मी हसून विषय बदलला. ज्याने आदल्या दिवशी रोड बाईक जाहीर केली आहे, त्याने पेपर टाकायच्या सायकलवर बसावं, हे मला शोभलं नसतं.

पहिला रविवार वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरांनी खाल्ला. हे गृहस्थ पूल बांधून निवृत्त झालेत आणि जगात पोलादाशिवाय कशावरही त्यांचा विश्वास नाही. मी फक्त ‘अॅल्युमिनियमची फ्रेम कशी असते हो?’ एवढंच विचारलं होतं. ते कागद-पेन्सिल घेऊन खाली आले. माझं वजन विचारलं. मी चार किलो कमी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहून पाच वाढवले आणि मग एक त्रिकोण काढून त्याच्या डोक्यावर मला बसवलं. तो त्रिकोण कुठे कुठे मोडू शकतो, हे समजावण्यात साडेदहा वाजले. तोवर मुलगी तळ्यावरून परत येऊन, आंघोळ करून, केस वाळवत आमचा त्रिकोण बघत उभी होती.

दुसऱ्या रविवारी तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी मला गाठलं. त्यांच्याकडे कार्बनची सायकल आहे. ती ते एका बोटावर उचलून दाखवतात आणि मग दुसऱ्याला उचलायला लावतात. “सात किलो चारशे,” ते म्हणाले. “बाटलीसकट सांगत नाही हं. बाटली वेगळी.” त्यांच्या मते वजनाचा प्रत्येक ग्रॅम पैसे देऊन कमी करता येतो. पोलादाचं नाव काढताच त्यांनी किडलेली दाढ दिसावी तसा चेहरा केला. वरचे आणि खालचे या दोघांच्या मधे, मजल्यानेही आणि मतानेही, मी सापडलो होतो. इंजिनियर जिन्यात भेटले की “कार्बन तडकतं” म्हणत आणि दंतवैद्य भेटले की “पोलाद गंजतं” म्हणत. मी दोघांनाही मान डोलावून हो म्हणत असे. त्यामुळे दोघांचाही समज झाला, की मी त्यांचा माणूस आहे.

एव्हाना मी एक तक्ता केला होता. अकरा सायकली, चौदा रकाने. गिअर, टायरची रुंदी, ब्रेकचा प्रकार, वजन, किंमत, हमी आणि शेवटी ‘शेरा’. शेऱ्याचा रकाना नसलेला तक्ता मला करता येत नाही. ऑफिसातली सवय आहे. मुलीने तक्ता वाचला आणि विचारलं, “यातल्या किती चालवून पाहिल्यास?”

“त्याचा रकाना नाहीये,” मी म्हणालो.

म्हणून तिसऱ्या रविवारी दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, त्याच्या पोटऱ्या भल्या मोठ्या होत्या. फ्रेमचं माप घ्यायला हवं, असं म्हणून त्याने मला चपला काढून भिंतीला टेकवून उभं केलं. एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधे धरायला दिलं आणि म्हणाला, “वर ओढा. अजून वर. सीटवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे.” दुकानाला रस्त्याच्या बाजूने छतापासून जमिनीपर्यंत काच आहे. मी पायांत पुस्तक धरून, भिंतीला टाचा टेकवून ताठ उभा असताना काचेबाहेर आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्क बाई भाजीची पिशवी घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी नमस्कार केला. मला हात जोडता येईनात, कारण दोन्ही हातांनी पुस्तक धरलं होतं. मी मान लववली. त्यांनी सोमवारी याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि हेच मला जास्त लागलं.

सायकल मात्र पसंत पडली. राखाडी, अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा. म्हणजे वरचे आणि खालचे दोघेही सारखेच नाराज. किंमत अठ्ठेचाळीस हजार. बायकोने सोफ्याच्या नव्या कव्हरांसाठी आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ठेवलेल्या पैशांतले तीस हजार मोठ्या मनाने काढून दिले होते. मोठं मन केल्याचं ती दिवसातून दोनदा सांगत असे.

“अठ्ठेचाळीसमध्ये सगळं आलं ना?” तिने विचारलं.

“पेडल सोडून,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“या दर्जाच्या सायकलींना पेडल नसतात. ती आपापल्या आवडीप्रमाणे वेगळी घ्यायची.”

बायकोने माझ्या हातातला तक्ता ओढून घेतला. “उद्या घर घेऊ तेव्हा दार आवडीप्रमाणे वेगळं घ्यायचं का?” ती म्हणाली. मग तिने माझ्याच तक्त्याच्या मागे यादी केली. पेडल, हेल्मेट, कुलूप, पंप, बाटली, बाटलीची जाळी. शेवटी दुकानदाराने आग्रहाने सुचवलेली गादीची पँट. ही पँट अंगाला घट्ट बसते आणि बसायच्या जागी आतून जाड गादी असते. मी ती घरी घालून पाहिली आणि पाणी प्यायला बाहेर आलो. मुलगी हसली नाही, फक्त खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून बराच वेळ आवाज येत होता. चौथा रविवार ती पँट बदलून मोठ्या मापाची आणण्यात गेला.

एकूण आकडा सत्तावन्न हजारांवर गेला. तीस हातात, सत्तावीस कमी. तेव्हा मला ऑफिसची सायकल अग्रिमाची योजना आठवली. बिनव्याजी, पगारातून हप्त्याने वळती होणारी रक्कम. गेल्या कित्येक वर्षांत ती कुणी घेतली नव्हती, कारण लोक मोटारसायकली घेतात. मी स्वतः दहा वर्षं आस्थापना शाखेत होतो. नियम मला तोंडपाठ होते असं मला वाटत होतं. अर्ज घेऊन मी माझ्या जुन्या टेबलाशी गेलो. तिथे आता हेडक्लार्क बाई बसतात. त्या नव्या लागल्या तेव्हा अर्जावर शेरा कसा मारायचा हे त्यांना मीच शिकवलं होतं.

बाईंनी अर्ज वाचला, कपाटातून एक फाईल काढली आणि त्यातलं एक परिपत्रक माझ्यापुढे ठेवलं.

“सर, याप्रमाणे करावं लागेल.”

परिपत्रकाची भाषा उत्तम होती. पहिल्याच वाक्यात ‘उपरोक्त’ आणि ‘सबब’ दोन्ही होते. खाली बारा वर्षांपूर्वीची तारीख आणि माझी सही. एका शिपायाने अग्रिम घेऊन सायकल आणली होती आणि तिला घंटी नव्हती, म्हणून मी प्रकरण परत केलं होतं आणि त्यावरून हे परिपत्रक काढलं होतं. साहेबांनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं. अग्रिमावर घेतलेल्या सायकलीस घंटी, दिवा, दोन्ही मडगार्ड, कॅरिअर, कुलूप आणि स्टँड असावा. खरेदीनंतर सात दिवसांच्या आत ती पाहणीसाठी हजर करावी. पाहणीत त्रुटी आढळल्यास त्रुटी दूर होऊन फेरपाहणी होईपर्यंत वाहन कार्यालयाच्या ताब्यात राहील.

“रोड बाईकला कॅरिअर नसतो हो,” मी म्हणालो.

“त्यासाठी सूट मागता येईल, सर. पण सूट देण्याचं कलम तुम्ही ठेवलेलं नाही.”

वाद घालायला तोंड नव्हतं. पाचवा आणि सहावा रविवार तत्त्वतः मंजुरीची वाट बघण्यात गेले. कॅलेंडरवरच्या लाल गोलांवर मुलगी आता फुल्या मारत होती. एका शुक्रवारी तिने विचारलं, “बाबा, परवा तात्यांची आणू या का?” मी म्हणालो, “आता मंजुरी आलीच आहे गं. एवढं थांबलो, आता थोडक्यासाठी कशाला?” सातव्या रविवारी सायकल कंपनीकडून निघाली होती, पण पोचली नव्हती. तो दिवस मी ती कुठे पोचली हे फोनवर बघण्यात घालवला. ती एकाच गोदामात सकाळपासून उभी होती. मुलगी एकटीच तळ्यावर जाऊन आली.

बुधवारी सायकल आली. दुकानदाराने तीस हजार घेतले, उरलेले ऑफिसकडून यायचे होते. मी त्याला मडगार्ड, दिवा, घंटी आणि कॅरिअर लावायला सांगितलं. त्याने आधी मी चेष्टा करतोय असं समजून हसून घेतलं. मग म्हणाला, “साहेब, या सायकलला कॅरिअर लावायची जागाच नाही.” मी परिपत्रकाची प्रत दाखवली. त्याने ते पान शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “हे कुणी लिहिलंय?” मी म्हणालो, “ऑफिसात असतात असे एकेक.” पट्ट्या आणि क्लिपा लावून त्याने कसंबसं सगळं बसवलं, स्टँडही लावला. काम चालू असताना त्याने एकदाही माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

शुक्रवारी मी सायकल ऑफिसात हजर केली. सोमवारपर्यंत थांबता आलं असतं, पण रविवारी रस्त्यावर काही झालं, मडगार्ड निसटलं, तर पाहणीत त्रुटी निघेल, असा मी दूरचा विचार केला. आधी पाहणी, मग तळं. बाई पट्टी आणि पेन घेऊन आवारात आल्या. घंटी वाजवून पाहिली. दिवा लावून पाहिला. दोन्ही मडगार्ड मोजले. कॅरिअर हलवून पाहिला, तो थोडा हलला, पण परिपत्रकात न हलण्याबद्दल काही नव्हतं. मग त्या वाकल्या.

“सर, हा साइड स्टँड आहे.”

“स्टँड तो स्टँड,” मी म्हणालो.

त्यांनी परिपत्रकाचं पान उलटलं. मागच्या बाजूला तळटीप होती. स्टँड दोन पायांचा, म्हणजे डबल असावा. साइड स्टँड ग्राह्य धरला जाणार नाही. मला एकदम आठवलं. त्या वर्षी कुणाची तरी साइड स्टँडवरची सायकल पडून साहेबांच्या स्कूटरचा आरसा फुटला होता आणि ती तळटीप मी स्वतःहून घातली होती. तळटिपांचा मला तेव्हा फार शौक होता.

“मी सोमवारी बदलून आणतो,” मी म्हणालो.

“हो सर. तोपर्यंत ताबा.” बाईंच्या आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. मी जसं शिकवलं होतं तसंच त्या करत होत्या. “माझाही इलाज नाही. तुम्हीच सांगितलं होतंत, ओळखीच्या माणसाला सूट दिली की नियम संपला.” सायकल दप्तरखान्यात गेली. कुलूप लागलं. शनिवार-रविवार ऑफिस बंद.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायकोला हसू आलं होतं, पण मुलीकडे बघून तिने ते आवरलं. मुलगी म्हणाली, “ठीक आहे रे बाबा. मी सुट्टीत येईन तेव्हा जाऊ.” हे तिने इतक्या समजूतदारपणे म्हटलं, की मला रात्रीचं जेवण गेलं नाही. मला नोकरीत कधी मेमो मिळालेला नाही. मिळाला असता तर असंच वाटलं असतं, असं वाटलं.

रविवारी सकाळी सहाला मी उठून बसलो होतो. मुलगी हेल्मेट घालून बुटाच्या नाड्या बांधत होती. तिची सायकल सामानाबरोबर जायची होती, त्याआधीची ही शेवटची फेरी. खाली घंटी वाजली. तात्या पेपर घेऊन वर आले. दार मीच उघडलं.

“काय साहेब, आज तळं ना?”

मी काय घडलं ते सांगितलं. दप्तरखाना म्हणताच त्यांना पुढचं कळलं.

“माझीही तिथेच ठेवली होती,” ते म्हणाले. “घंटी नव्हती म्हणून. नऊ दिवस.”

तो शिपाई तात्या होते, हे मी विसरलो होतो. आठवत नव्हतं असं नाही, मी आठवलंच नव्हतं. फाईलमध्ये फक्त ‘सदर कर्मचारी’ असं होतं, आणि तेही मीच लिहिलेलं.

“अडचण झाली असेल तेव्हा तुमची,” मी म्हणालो.

“मुलीची नवी शाळा होती. लांब पडायची. सायकल तिच्यासाठीच तर घेतली होती. पहिले नऊ दिवस खांद्यावर बसवून नेली.” तात्यांनी पेपर माझ्या हातात दिला. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. “चला, खाली या. डबल स्टँडवर लावून ठेवलीय. माझे पेपर झाले.”

मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधून उपयोग नाही. मी म्हणालो, “तात्या, माफ करा.” ते म्हणाले, “कशाबद्दल?” आणि जिना उतरायला लागले. मी गादीची पँट घालायला आत वळलो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, आहेस तसा चल.” मी लेंगा आणि चपलांवर निघालो.

तात्यांची सायकल जड आहे. माझ्या तक्त्यात तिला जागा मिळाली नसती. गिअर एक, टायर रुंद, वजन इंजिनियरांना आवडेल असं. पहिला चढ आला तिथे माझा दम गेला आणि मी खाली उतरलो. मुलगीही उतरली. दोघं सायकली हातात धरून चालत वर गेलो. चालताना तिने नव्या ऑफिसाबद्दल सांगितलं, भाड्याच्या खोलीबद्दल सांगितलं, आणि खरं म्हणजे भीती वाटते, हेही सांगितलं. आठ आठवडे ती घरातच होती, पण मी तक्त्यात होतो. मी तिला सांगितलं, की मलाही नोकरीच्या पहिल्या महिन्यात भीती वाटत होती आणि म्हणूनच मी नियम पाठ केले. ती म्हणाली, “ते अजून सुटले नाहीत तुझे.” उतारावर दंतवैद्य आणि त्यांची मंडळी आमच्या शेजारून सुसाट गेली. त्यांनी ओळख दाखवली नाही. लेंग्यामुळे ओळखलं नसावं.

तळ्यावर पोचायला नऊ वाजून गेले. डबल स्टँडवर सायकल लावली. ती अजिबात हलली नाही. आम्ही काठावर पाय सोडून बसलो.

“किती सोपं होतं ना रे,” मुलगी म्हणाली.

“हो,” मी म्हणालो.

“आठ रविवार होते.”

तिने थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि आम्ही निघेपर्यंत ते तिथेच होतं.

सोमवारी ती गेली. मंगळवारी मी डबल स्टँड न घेताच ऑफिसात गेलो आणि परिपत्रक रद्द करण्याचा प्रस्ताव लिहिला. प्रस्तावाला कारण द्यावं लागतं. मी बराच विचार करून लिहिलं, ‘वाहन ताब्यात असताना रविवार जातो.’ दुपारी फाईल परत आली. बाईंचा शेरा होता, ‘रविवारी कार्यालय बंदच असते. कारण सुस्पष्ट नाही. सबब परत.’ शेरा निर्दोष होता. मी मारला असता तर असाच मारला असता.

मग मी ते वाक्य खोडून खाली लिहिलं, ‘नियम चुकीचा होता. तो मी केला होता.’ फाईल मी स्वतःच घेऊन गेलो. बाईंनी वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिफारस करून सही केली. खाली तारीख घातली. बारा वर्षं उशीर झाला, हे मात्र त्यांनी लिहिलं नाही.

बुधवारी सकाळी तात्या पेपर घेऊन आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, की ते परिपत्रक आता जाणार. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, ताबा, सगळं रद्द.

तात्यांनी जरा विचार केला. “घंटीचं तेवढं ठेवायला हवं होतं, साहेब,” ते म्हणाले. “घंटी लागते.”